लपविलेली शस्त्रे : वाघनखापासून ब्राउनिंगपर्यंत



१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आणलेले वाघनख लोकांना पाहण्यासाठी खुले झाले आणि पुढे काही महिने ते तेथे होते. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. मीही जतहून एसटीने गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन उभे होते. बराच वेळ तिष्ठल्यावर काचेपाशी पोहोचताच तो मुलगा म्हणाला, "बाबा, एवढंसंच?" बापाला उत्तर सुचले नाही. मागची रांग ढकलीत होती, तेव्हा आम्ही सारेच पुढे सरकलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. एवढेसे असणे हाच तर त्या शस्त्राचा सगळा गुण आहे. ते मुठीत मावले नसते तर त्याचा काही उपयोग नव्हता.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, कोटाआड बाळगण्याजोगे पिस्तूल कोणते चांगले, याची चर्चा लोक मोठ्या हौसेने करतात. कोणते किती बोटे लांब, कोणात किती गोळ्या, कोणते कमरेला बोचत नाही, असा तो सारा खल असतो. आपल्याला ही चर्चा परकी वाटते. परंतु लपविण्याजोग्या शस्त्रांची पारख हा विषय आपल्या मुलखालाही नवा नाही. सातारा आणि विजापूर यांच्या मधल्या या पट्ट्यात तर त्याचे फार जुने धागे आहेत. आज त्यातलेच काही उलगडून पाहावे असा माझा विचार आहे.

प्रथम त्या वाघनखाविषयी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते ग्रँट डफच्या वंशजाकडून गेले. जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास रेसिडेंट होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. वाघनखाबरोबर एक पेटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर आहे. शिवाजीने ज्या वाघनखाने मोगल सेनापतीला मारले तेच हे, आणि ते ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाने दिले, असा त्याचा आशय आहे. आता अफझलखान मोगल सेनापती नव्हता, तो आदिलशहाचा सरदार होता, हे शाळेतले पोरही सांगेल. ज्याने हा मजकूर लिहिला त्याला विजापूर आणि दिल्ली यांतला फरक ठाऊक नसावा. प्रतापगडावर वापरले ते हेच वाघनख असे सिद्ध करता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगते. यावरून वर्तमानपत्रांतून बरेच रण माजले. माझे मत विचाराल तर त्या वादात मला फारसा रस नाही. वस्तू कोणती, यापेक्षा त्या दिवशी ती कशासाठी निवडली गेली, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर लंडनच्या पेटीवर नाही, आपल्या बखरीत आहे.

१० नोव्हेंबर १६५९ चा दिवस. खानाचा तळ पार गावी. भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेल्या शामियान्यात. भेटीच्या अटी ठरलेल्या, बरोबर माणसे मोजकीच. सभासदाने आपली बखर १६९७ साली जिंजीस लिहिली, म्हणजे घटनेनंतर अडतीस वर्षांनी. त्याने महाराजांच्या पोशाखाचे जे वर्णन केले आहे ते एखाद्या जवाहिऱ्याने यादी करावी तसे बारकाईचे आहे. अंगात जरीची कुडती. डोक्यास मंदील, आणि त्याला आतून तोडर बांधलेला. पायात चोळणा, कास कसलेली. हाती बिचवा आणि वाघनख. या यादीतली निम्मी शस्त्रे बचावाची आहेत, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. अंगावरचे संरक्षण आणि मुठीतले हत्यार यांची योजना एकदम केलेली दिसते. ज्याला शत्रूच्या मिठीत शिरावयाचे आहे, त्याने पहिला घाव आपल्यावर पडणार असे गृहीत धरून चालावे लागते.

आणि तसेच झाले. सभासद सांगतो की, खानाने महाराजांची मान काखेखाली आवळली आणि जमदाड कुशीत चालविली. ती कुडतीवर खरखरली, अंगास लागली नाही. मग डाव्या हाताचे वाघनख खानाच्या पोटात गेले आणि पाठोपाठ उजव्या हाताचा बिचवा. आणखी एक लहानसे वाक्य सभासद मध्येच टाकून जातो, ते मला साऱ्या प्रकरणात महत्त्वाचे वाटते. खानाने अंगात नुसता झगा घातला होता.

शस्त्रांची तुलना करावयाची तर ती अशा ठिकाणी करावी. खानाच्या हातची जमदाड हे कट्यारीच्या जातीचे हत्यार. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन्ही बाजूंनी पट्ट्या येतात, आणि पाते मनगटाच्या सरळ रेषेत पुढे जाते, त्यामुळे ठोसा मारावा तसा सगळ्या अंगाचा जोर तिच्या टोकास मिळतो. भोसकण्याच्या कामात तिला तोड नाही. पण कट्यार शेल्यात खोवावयाची आणि मिरवावयाची. ती दरबारचा दागिना आहे. तिची मूठ सोन्याने मढवितात ती काय लपविण्यासाठी? बिचव्याचे तसे नाही. विंचवाच्या नांगीवरून त्याला नाव पडले. पाते अरुंद आणि दोनदा वळलेले, मूठ म्हणजे एक कडे. अस्तनीत शिरावे, आणि हात खाली सोडताच तळव्यात यावे, अशी त्याची घडण. कट्यारीएवढा जोर त्यात नाही. वाघनखात तर त्याहून कमी. एका आडव्या पट्टीस चार वाकडी नखे आणि दोन टोकांना बोटे घालावयास दोन अंगठ्या. मूठ मिटली की बाहेरून दिसतात त्या अंगठ्याच, आणि अंगठ्या घातलेला हात पाहून कोणाला शंका येत नाही. वाघनखाने माणूस तत्काळ मरेलच असे नाही. ते फाडते, धक्का देते, पकड सोडविते. म्हणून एका हातात ते आणि दुसऱ्या हातात बिचवा. पुढे काही कारागिरांनी वाघनखालाच एक लहान पाते जोडून दोन्ही एकत्र केली. असे नमुने संग्रहालयांतून आढळतात. ती जोडणी करणाऱ्याला दोन्ही हत्यारांची उणीव नेमकी कळली होती.

येथे कोणी म्हणेल, कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात वाघनख कोठे आहे? नाही, हे खरे. तो ग्रंथ महाराजांच्या हयातीतला, म्हणून त्याचे वजन अधिक, आणि त्यात महाराजांच्या हातच्या तलवारीनेच खान पडतो. संस्कृत महाकाव्याच्या नायकाला मुठीत लपविलेले नख शोभत नाही, असे कवीला वाटले असेल काय? असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण उघड्या शस्त्राचा मान मोठा आणि लपविलेल्याचा कमी, ही भावना आपल्या समाजात त्या काळीही होती, एवढे या दोन ग्रंथांच्या तफावतीवरून म्हणता येईल. पाच परकी सैनिक मारणाऱ्याचा पोवाडा होतो. अस्तनीतून बिचवा काढणाऱ्याला आधी खुलासा करावा लागतो.

आपल्या जत तालुक्यातल्या उमराणीची लढाई घ्या. १६७३ च्या एप्रिलात प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला तेथे गाठले ते त्याचे पाणी तोडून. भर उन्हाळा, आणि इकडचा उन्हाळा म्हणजे काय ते तुम्हांला मी सांगावयास नको. तेथे ना बिचव्याचे काम होते, ना वाघनखाचे. दहा हजारांच्या फौजेपुढे असल्या हत्याराला किंमत शून्य. ज्याला एकट्याला एकाच माणसापाशी जावयाचे आहे, त्याच्याच उपयोगाची ही वस्तू आहे. म्हणून तिची कथा नेहमी एका माणसाची आणि एका भेटीची असते.

साताऱ्याकडे आणखी एक लपविलेले शस्त्र आहे. सज्जनगडावर समर्थांची म्हणून जी कुबडी दाखवितात, तिच्या आत गुप्ती आहे. परंपरा ती समर्थांची मानते. साधूची कुबडी कोण झडती घेऊन पाहणार? गुप्तीचे पाते बिचव्यापेक्षा लांब, पण तिला काठीचे रूप घ्यावे लागते, आणि मग काठी जेथे शोभते तेथेच ती नेता येते. तरण्या, धडधाकट माणसाच्या हाती कुबडी पाहिली की पहारेकरी दोनदा पाहणारच. लपविणे हे पोशाखावर, वयावर, प्रसंगावर अवलंबून असते, ते असे.

आता बंदुकीच्या काळात येऊ. तमंचे मराठ्यांच्या स्वारांजवळ होतेच. पण चकमकीचे पिस्तूल लपवून नेण्याजोगे नव्हते. घोड्याच्या खोगिराला लटकवून न्यावयाचे, एक बार काढावयाचा आणि मग दारू-गोळी भरीत बसावयाचे. खिशातले पिस्तूल ही वस्तू खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात आली, आणि ती आपल्या हाती येण्यापूर्वीच सरकारने दार लावून घेतले. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला, आणि गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतूनच त्याविरुद्ध ठराव केले. मला वाटते, लपवून बाळगण्याच्या शस्त्राला या देशात जे राजकीय रूप आले ते या कायद्याने. जे उघड बाळगता येत नाही ते सारेच छुपे होते, मग त्याची लांबी किती का असेना.

२२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रोषणाई. गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधू प्लेग कमिटीच्या रँडची वाट पाहत आहेत. या रँडचे नाव आपल्याकडे त्याआधीच ठाऊक होते. १८९४ साली वाईच्या वाद्यांच्या प्रकरणात तेथल्या प्रतिष्ठित नागरिकांना तुरुंगात धाडणारा मॅजिस्ट्रेट तो हाच. असो. दामोदरपंतांनी पुढे तुरुंगात आपली हकीकत लिहिली. तीत एक तपशील आहे. त्या रात्री त्यांच्याजवळ पिस्तुलांखेरीज तलवारीही होत्या. ऐन वेळी त्या अडचणीच्या वाटल्या, म्हणून एका दगडी मोरीखाली ठेवून दिल्या आणि ते पिस्तुले घेऊन पुढे गेले. महाराष्ट्रातल्या शस्त्रांच्या इतिहासात मला ही मोरी फार महत्त्वाची वाटते. कित्येक पिढ्यांचे मानाचे शस्त्र तेथे एका रात्री, काही गाजावाजा न होता, खाली ठेवले गेले. "गोंद्या आला रे" ही खूण झाली, दामोदरपंत बग्गीच्या मागे चढले, आणि एक बार झाला. बाळकृष्णाने दुसऱ्या बग्गीतल्या आयर्स्टवर बार टाकला, तो जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव आणि बाळकृष्ण हे दोघे भाऊ आणि महादेव रानडे गेले. एका घरातली तीन मुले गेली, हे सांगितल्यावाचून त्या रात्रीची गोष्ट पुरी होत नाही.

यानंतर बारा वर्षांनी नाशिक. या बारा वर्षांत पिस्तूल पार बदलले होते. अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंगने आखलेले आणि बेल्जममधल्या हर्स्टाल गावच्या कारखान्यात बनलेले चपटे पिस्तूल १९०० च्या सुमारास युरोपच्या बाजारात आले, आणि त्याने खिशातल्या शस्त्राचा नकाशाच बदलला. तोवर रिव्हॉल्वरचे राज्य होते. रिव्हॉल्वरमध्ये पाच-सहा काडतुसांचे चक्र असते, ते बाजूला फुगून येते, आणि कोटाच्या आत ठेवले तरी वरून गोळा दिसतो. लष्करी वेब्ली रिव्हॉल्वर तर सुमारे एक किलो वजनाचे. ब्राउनिंगचे १९०० चे पिस्तूल सहाशे-सव्वासहाशे ग्रॅमचे, सुमारे सोळा-सतरा सेंटिमीटर लांब, ७.६५ मिलिमीटरच्या सात गोळ्यांचे, आणि मुख्य म्हणजे सपाट. १९०६ साली त्याच कारखान्याने ६.३५ मिलिमीटरचे आणखी लहान पिस्तूल काढले. ते अकरा-साडेअकरा सेंटिमीटरचे, म्हणजे बनियनच्या खिशातही मावेल असे. पण लहान गोळीचा मार लहान, आणि लहान मुठीवर हात ठरत नाही. बिचवा आणि वाघनख यांच्यात जी अडचण होती तीच येथे पुन्हा उभी राहिली. जितके लपेल तितके लंगडे.

रिव्हॉल्वरच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. एक काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढावा, चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. स्वयंचलित पिस्तूल अडकले तर दोन्ही हात लागतात. आणखी एक गोष्ट अशी की, रिव्हॉल्वर रिकामी टरफले आपल्या पोटात ठेवते, ब्राउनिंग ती जागच्या जागी फेकून देते. पोलिसांना दुसरे अधिक आवडते, हे उघड आहे.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ तो प्रयोग होता. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, मराठी जाणत होते, नाटके आवडीने पाहत. त्यामुळेच त्यांच्यापर्यंत पोहोचणे सोपे गेले, हा त्यातला दुःखाचा भाग. ज्या कलेक्टरला लोकांत मिसळावेसे वाटत नाही, त्याच्या जवळ जाणे कठीण असते. दुसऱ्या बाजूस बाबाराव सावरकरांना काही कवितांच्या पुस्तकापायी त्याच वर्षी जन्मठेप काळे पाणी झाले होते, आणि तो खटला जॅक्सनसाहेबांनी पुढे पाठविला होता, ही तरुणांच्या मनातली सल होती. जॅक्सन थिएटरात येताच अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या आसपासच्या विद्यार्थ्याने ब्राउनिंगमधून लागोपाठ गोळ्या झाडल्या. पळून जाण्याचा प्रश्न नव्हता, तो तेथेच पकडला गेला.

पण पिस्तूल एका बाबतीत बिचव्याहून अगदी निराळे निघाले. बिचवा गावचा लोहार करतो, त्याला कूळ नाही, तो कोणाकडून आला हे तो सांगत नाही. कारखान्यातले पिस्तूल आपला जन्म अंगावर कोरून घेऊन येते. नाशिकचे ब्राउनिंग कोठून आले ते शोधता शोधता तपास लंडनच्या इंडिया हाउसपर्यंत गेला. विनायकराव सावरकरांनी पॅरिसहून मिळविलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले, इंडिया हाउसचा आचारी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला दुहेरी तळ करून, १९०९ च्या आरंभी मुंबईस पाठविली होती, असे १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात नमूद आहे. नाशिकचे पिस्तूल त्यातलेच. अमीन सरकारी साक्षीदार झाला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, त्यांतली दुसरी, ३० जानेवारी १९११ ची, जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल. पेटीच्या तळात जे एवढे नीट लपविले, ते एकदा बाहेर आल्यावर सगळ्यांची नावे सांगत गेले. खिशात लपणारे शस्त्र कागदपत्रांत लपत नाही, हा धडा त्या पिढीला फार महाग पडला.

शेवटचा प्रसंग २२ जुलै १९३१ चा, फर्ग्युसन कॉलेजातला. त्याचे मूळ आपल्या शेजारी सोलापुरात आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. त्याचा राग मनात धरून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने, कॉलेजचे ग्रंथालय पाहावयास आलेले हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. विद्यार्थ्याला ग्रंथालयात कोण अडविणार? कुबडी साधूला शोभावी, तसे पुस्तकांचे कपाट विद्यार्थ्याला शोभते. जागा अचूक, अंतर हातभर, हत्यार चालले. आणि गोळी हॉटसनसाहेबांच्या छातीवरच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर बसली. साहेब वाचले. त्यांनी ते बटण काही मुद्दाम लावले नव्हते. महाराजांच्या कुडतीखालची तयारी आणि हे बटण यांत योजना आणि योगायोग एवढाच फरक, पण दोन्ही ठिकाणी लहान शस्त्राची मर्यादा उघडी पडली. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. १९३७ साली ते सुटले आणि पुढे पुण्याचे महापौरही झाले. पुणेकर त्यांना अखेरपर्यंत हॉटसन-गोगटे म्हणत.

आपल्या जिल्ह्यातल्या प्रतिसरकारचा विषय मी बुद्ध्याच घेतला नाही. कुंडलच्या तुफान सेनेची शस्त्रे हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो सांगणारे माझ्याहून जाणते लोक या सभागृहात बसले आहेत.

१८७८ चा कायदा जाऊन त्या जागी १९५९ चा कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. परवाना आजही लागतो, मात्र गोरा-काळा हा भेद त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. ९ मिलिमीटरची, म्हणजे फौजेच्या आणि पोलिसांच्या मापाची पिस्तुले सामान्य परवानेदाराला मिळत नाहीत. त्याच्या वाट्यास येते ते बहुधा बत्तीस बोअर. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्वर काढले. वजन पाचशे ग्रॅम, स्त्रियांना पर्समध्ये बाळगता यावे म्हणून हलके, आणि किंमत त्या वेळी एक लाख बावीस हजारांच्या घरात. ज्या स्त्रीला रात्री एकटीने घरी जावयाचे असते, तिच्यापैकी किती जणींना ही किंमत परवडेल, हे मी सांगावयास नको. इच्छापूरच्या कारखान्याचे 'अशनी' नावाचे बत्तीस बोअरचे पिस्तूलही परवानेदाराला घेता येते. त्यात जे ७.६५ मिलिमीटरचे काडतूस लागते, ते ब्राउनिंगने आपल्या १९०० च्या पिस्तुलासाठी आखलेले तेच.